भातवाला आणि बंदरवाला

परवा दुपारी वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. कसबा बावड्याकडून गुळाचा वास आला आणि माझ्या मनात मोजणी सुरू झाली. दरवर्षी असंच होतं. गुऱ्हाळं पेटली की रोज एक आकडा पुढं सरकतो आणि एकतिसावर येऊन थांबतो. बाजारात वांगी निवडत असलो, मुलांच्या पाट्या तपासत असलो, तरी तो मागं चालूच असतो. घरात बायको ओळखते. "लागलात वाटतं मोजायला," एवढंच म्हणते. का, ते तिनं सात वर्षांत विचारलेलं नाही.

यंदा आमच्या वाचनमंडळानं हस्तलिखित अंकासाठी लेख मागितला. विषय मीच सुचवला: दोन इटालियन गोष्टीकारांची तुलना. दोघेही ह्या नव्या शतकातले. मंडळी हसली. गणिताच्या मास्तरला इटलीचं काय पडलंय, असं एक जण म्हणाला. मी कबूल करून घरी आलो आणि दौत पुढं ओढल्यावर अडचण लक्षात आली. हे दोन लेखक मला एका माणसामुळं कळले. त्याचं नाव न घेता लेख लिहिता येणार नाही. नाव घेतलं तर तो कसा गेला हे लिहावं लागेल, आणि ते खरं लिहायचं तर त्याच्या बायकोला आधी सांगायला हवं. ती गोष्ट मी तिला आजवर सांगितलेली नाही. अंक मंडळात मोठ्यानं वाचला जातो. तिचा दीर तिथं पुस्तकं बांधून द्यायला येतो. तिला हे दुसऱ्याच्या तोंडून कळावं, हे मला चालणार नाही.

माणसाचं नाव दस्तगीर. आमच्याच गल्लीच्या तोंडाला त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. अंगानं किरकोळ, पण अंगठे रुंद. पुठ्ठ्यावर खळ फिरवून फिरवून चपटे झालेले. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. मराठी येत होतं, पण घाईनं वाचायचा नाही. त्याच्याकडं एका गोऱ्या साहेबाच्या बायकोची पुस्तकं बांधणीला येत. सात वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर दोन आली. दोन्ही इटालियन गोष्टींची, इंग्रजीत उतरवलेली. कसरीनं खाल्लेली, शिवण सुटलेली. लेखकांची नावं इथं लिहीत नाही. त्यांचा उच्चार मला खात्रीनं येत नाही, आणि चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. दस्तगीरनं त्यांना आपली नावं दिली होती. एक भातवाला, एक बंदरवाला. मीही तीच वापरतो.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत उंदीर पडले. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी सात. गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, ते लक्षण सगळ्यांना माहीत होतं. दरबारचा हुकूम दवंडीनं आला आणि गल्लीतली बावीस घरं दोन दिवसांत रिकामी झाली. बावड्याच्या वाटेवर एका मळ्यालगत आम्ही झोपड्या घातल्या. ताट्या, वर पाचट, खाली शेणानं सारवलेली भुई. माझी झोपडी नववी, दस्तगीरची दहावी. मधे चार पावलांचं अंतर. समोर गुऱ्हाळ.

त्या थंडीचं जे आठवतं ते सगळं गोड वासातून आठवतं, हे मला फार खुपतं. सकाळी दवानं भिजलेलं पाचट. चरकाची कुरकुर. काहिलीवर वर येणारी काळपट मळी आणि ती झाऱ्यानं काढताना उठणारी वाफ. त्याच वाफेतून पलीकडच्या रस्त्यानं शहराकडून येणाऱ्या गाड्या दिसायच्या. कोणत्या गाडीत सामान आहे आणि कोणत्या गाडीत माणूस आडवा आहे, हे बैलांच्या चालीवरून कळायला लागलं होतं. दवाखान्याच्या ताट्या ओढ्यापलीकडं होत्या. मुलं चिपाडांच्या ढिगावर घसरगुंडी करत होती. तोंडाला उसाचा रस, आणि आया त्यांच्या काखा, जांघा चाचपून बघत होत्या. रोज सकाळी, केस विंचरतात तशा.

शाळा बंद होती. दस्तगीरचं दुकान बंद होतं. दुपारी चिपाडाच्या ढिगाच्या सावलीत तो शिवायला बसायचा आणि मी वाचायला. आमची पद्धत अशी, की मी एक वाक्य मनात इंग्रजीत वाचायचं आणि मोठ्यानं मराठीत सांगायचं. त्यानं शिवत ऐकायचं. त्याला पटलं नाही की सुई थांबायची.

आधी भातवाला. तो इटलीच्या उत्तरेकडचा. तिकडं भात पिकतो हे मला तेव्हाच कळलं. गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणाऱ्या बायका, डास, हिवताप, कोयनेलच्या कडू पुड्या. हे सगळं त्याच्या गोष्टींत होतं, आणि सगळं मोजलेलं. एका रांगेत बायका किती, पाणी किती वीत, पुड्या किती उरल्या. वाक्यं छोटी. कुणी रडत नाही. मला तो पहिल्याच पानावर आवडला. हा माणूस आपल्याला फसवणार नाही, असं वाटलं.

त्याची एक गोष्ट पाटाच्या दारावर राखण करणाऱ्या माणसाची होती. ताप सुरू होतो, माणसं कमी होत जातात, तो रोज पाणी मोजून लिहितो. त्याची मुलगी मंगळवारी जाते. पुढच्याच ओळीत बुधवारचं पाणी किती उतरलं ते येतं.

सुई थांबली.

"आन् पोरीची आई कुठं हाय?" दस्तगीर म्हणाला.

मी चार पानं मागं उलटून पाहिली. "आई गोष्टीत नाही."

"हाय की. लेकानं लिवली न्हाय."

"लिहिली नाही म्हणजे नाही. गोष्टीत जेवढं आहे तेवढंच धरायचं."

"मास्तर, तुमी त्येच्यावानीच हाय बगा. ह्यो खरं बोलतोय, व्हय. खोटं एक अक्षर न्हाय. पर सगळं न्हाय बोलत."

गुऱ्हाळावरचा गुळव्या, बापू, काहिलीवरून आमचं ऐकत असायचा. मोठ्या आवाजाचा माणूस. "ओ मास्तर! त्या इटलीत ऊस हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. बिटाची साखर करतात म्हणे."

"बीट? म्हंजी मुळ्यागत?" बापू झारा हातात धरून हसला. "मुळ्याची साखर खाणारी माणसं! मग रडत्यालच की गोष्टीत."

"ह्यो रडत न्हाय, बापू," दस्तगीर म्हणाला. "ह्यो पाणी मोजतोय."

मग बंदरवाला. तो दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदरातला. त्याची वाक्यं लांब, एकातून दुसरं निघणारी, मराठीत सांगताना माझी दमछाक व्हायची. आकडा जवळजवळ नाही. असला तर विश्वास ठेवण्यासारखा नाही. मेलेली माणसं त्याच्या गोष्टींत सरळ दारातून येतात, टोपी खुंटीला लावतात आणि हवापाण्याचं बोलतात. भातवाल्याकडं मरण अर्ध्या ओळीत संपतं. हा अकरा पानं घ्यायचा आणि तरी माणूस पुरता मरायचा नाही. मला राग यायचा. मी म्हणायचो, ही थापेबाजी आहे. दस्तगीर मात्र शिवण सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसायचा.

त्यातली एक गोष्ट शिंप्याची. एक खलाशी कोटाचं माप देतो आणि त्याच आठवड्यात बुडून मरतो. शिंपी कोट पुरा करतो. मग रोज भर दुपारी तो बुडालेला माणूस दुकानात येतो, कोट घालून बघायला. दर खेपेला छाती एक बोट कमी भरते. शिंपी काही विचारत नाही. माप घेतो, टाके उसवतो, कोट आवळतो. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा हजर. पुन्हा एक बोट कमी.

ही गोष्ट मात्र मला धरून बसली, कारण तिच्यात हिशेब होता. छाती अडतीस इंच दिली होती. बोट पाऊण इंचाचं धरलं तर पन्नास खेपांत साडेसदतीस इंच जातात आणि अर्धा इंच उरतो. त्या अर्ध्या इंचाचं लेखक काय करणार, हे मला बघायचं होतं. दस्तगीरला हिशेबाशी देणंघेणं नव्हतं.

"त्यो कोटासाठी येत न्हाय, मास्तर. शिंप्यानं एकदा तरी इचारावं म्हणून येतोय. काय झालं, कसं झालं, काय तरी. ह्यो शाना नुसती पट्टी लावतोय."

आणि ऐन मध्यावर, वाक्य अर्धवट असताना, पान संपलं. पुढचं पान नव्हतं. ते पुस्तक दस्तगीरनं नव्यानं शिवायला उसवलं होतं. घर सोडायच्या घाईत पहिले सात फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांच्या घड्या, गाठोड्यात आले होते. बाकीचे दुकानात शिकंजात दाबून ठेवलेले तसेच राहिले होते.

आता मोजणीबद्दल. गल्लीनं बसून एक नियम केला होता. तीस दिवस गल्लीत एकही उंदीर पडला नाही, तर दिवसाउजेडी घरात जाऊन यायला हरकत नाही. मोजायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी मोजण्यात चुकत नाही असा लौकिक होता. दर तीन दिवसांनी मी गल्लीतून फेरी मारायचो. घरांत शिरायचो नाही. गटारं, परसं, उकिरडे बघायचे आणि वहीत लिहायचं. शेवटचा उंदीर पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसापासून आकडा चालू.

एकोणिसाव्या दिवशी दस्तगीरच्या दुकानामागच्या बोळात मला एक उंदीर दिसला. मेलेला. तोंडाजवळ रक्त होतं. समोरच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं. मी उभा राहून विचार केला. मोजायचे ते साथीनं मेलेले उंदीर. मांजरानं मारलेला धरला तर आकडा खोटा होईल, बावीस घरं विनाकारण पुन्हा पहिल्यापासून थांबतील. मी वहीत लिहिलं: मांजर, धरू नये. माती लोटली आणि पुढं गेलो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

दुकानात खळ असते. कणकेची. मोरचूद घातला तरी उंदीर तिच्यावर येतात. हे मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

एकतिसाव्या दिवशी फेरी मारून आलो आणि दस्तगीरला म्हणालो, "एकतीस झाले. आता जायला हरकत नाही."

"मंग जातो की. उरलेलं फर्मं आणतो. तुमचा अर्धा इंच बी घिऊन येतो."

"मी येऊ?"

"तुमी काय करणार? शिकंजा तुमच्यानं सुटायचा न्हाय."

अमीनाबी, त्याची बायको, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पुस्तकापायी कशापायी जातासा? ऱ्हाऊ द्या की चार दिस." तो म्हणाला, "मास्तरनं मोजलंय." ती गप्प झाली. त्या दोन शब्दांनी ती गप्प झाली, हे मी चार पावलांवरून पाहिलं.

तो दुपारी गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. फर्मे फडक्यात बांधलेले होते. उद्या वाचू म्हणाला. दुसऱ्या दिवशी अमीनाबीचा भाऊ मिरजेहून चौकशीला आला, वाचायला बसता आलं नाही. तिसऱ्या दिवशी दस्तगीरनं सकाळी कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "मास्तर, ऊन लई हाय का आज?" ऊन नव्हतं. जांघेत गाठ होती. ओढ्यापलीकडं नेला. पाचव्या दिवशी गेला. अंथरूण, कपडे, फडकं, फर्मे, सगळं नियमाप्रमाणं जाळलं. शिंप्याच्या गोष्टीचा शेवट मी वाचलेला नाही. नंतर ते पुस्तक कुठं मिळालंही नाही.

त्याच आठवड्यात आणखी दोन घरांतली माणसं गल्लीत जाऊन आली. त्यांना काही झालं नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, झालं ते लिहितो आहे.

दोन वर्षांनी टोचणीसाठी शाळेत एक डॉक्टर आला होता. मुलांना समजावून सांगत होता, की साथीनं मरणाऱ्या उंदराच्या तोंडातून पुष्कळदा रक्त येतं, तेव्हा असा उंदीर दिसला तर जवळ जाऊ नका. मी फळ्याशी उभा होतो. हातातला खडू मी खिशात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तो खिशातच राहिला.

तर तुलना. मंडळाला ती हवी आहे आणि ती अशी. मी अनेक वर्षं मानत आलो, की भातवाला प्रामाणिक आणि बंदरवाला लबाड. आता माझं मत एवढं सोपं राहिलेलं नाही. भातवाल्यानं लिहिलेला प्रत्येक आकडा खरा असेल. पण काय मोजायचं आणि काय नाही हे त्यानं आधी कुठंतरी एकट्यानं ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणं तो वाचकाला दाखवत नाही. मुलीची आई त्यानं अशीच एखाद्या बोळात माती लोटून पुरली असेल. मी हे सहज ओळखतो, कारण मी तसाच आहे. बंदरवाला खोट्यापासून सुरुवात करतो. मेलेला माणूस दुपारी दुकानात येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण एकदा तो आला असं म्हटल्यावर तो त्याला हाकलत नाही. अकरा पानं का होईना, समोर बसवून घेतो. शिंपी विचारत नाही हे तो पुन्हा पुन्हा दाखवतो, इतकं की वाचणाऱ्याला आपणच विचारावंसं वाटतं. लेखक म्हणून कोण मोठा, ते मला ठरवता येत नाही. भातवाल्याची भाषा आजही मला जवळची वाटते. मात्र गुळाचा वास येतो त्या दिवसांत मला आठवतो तो दुसरा.

इथवर परवा लिहिलं आणि वही मिटली. काल शाळा सुटल्यावर दस्तगीरच्या दुकानी गेलो.

दुकान आता त्याचा भाऊ चालवतो. शिवण्याचं काम अमीनाबी करते. दर शुक्रवारी मी तिच्या भावाचं पत्र वाचून दाखवायला जातो. काल शुक्रवार नव्हता. ती चटईवर फर्म्यांची चळत घेऊन बसली होती.

"मास्तर? आज कसं काय? पत्तर न्हाय आलं."

"भाभी, एक सांगायचं आहे."

मी उभ्यानंच सांगितलं. एकोणिसावा दिवस, बोळ, रक्त, मांजर, वहीतली ओळ, मग डॉक्टर. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी एकतीस नव्हतं."

"नव्हते. त्या उंदरापासून पुन्हा मोजायला हवं होतं. दस्तगीर दुकानात गेला तो दिवस बारावा होता."

"बारा," ती म्हणाली. "आन् त्या डागदरानं सांगून किती वर्सं झाली?"

"पाच."

"पाच वर्सं हितं बसून पत्तर वाचत हुतासा." तिनं सुई चळतीत खोवली. "मग आजच कसं सुचलं?"

"मंडळासाठी लेख लिहितोय. त्यात हे येणार. तुम्हाला आधी..."

"कागदासाठी आलाय. माझ्यासाठी न्हाय."

ते खरं होतं.

"लिवा," ती म्हणाली. "पर बारा लिवा."

"बाराच लिहिणार."

मला वाटलं झालं. मी वळणार तोच तिनं वर पाहिलं. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"तवा सांगितलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. गल्ली गोळा केली असती. तुमच्या नावानं रडून घेतलं असतं, आन् सरलं असतं एकदाचं. सात ईदा झाल्या, मास्तर. दर ईदंला तुमच्या घरला कोरड्या शेवया धाडल्या. खारका एक एक निवडून धाडल्या. ह्येंच्या शेवटच्या दिसांत ह्यो एक माणूस जवळ बसला, म्हणून धाडल्या. आता त्या मी माघारी कशा घिऊ? सांगा की. तुमी हिशेबाचं माणूस हाय."



तिनं सुई काढली आणि खाली मान घालून पुन्हा शिवायला घेतलं. कागदातून दोरा ओढला जाताना सरसर आवाज येत होता. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिथंच उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.